रजिस्टरमध्ये दारू सापडत नाही

वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. तरी 'दारू आणि जखमा' हा विषय अभ्यासाला घेऊन मी तिथल्या एका ग्रामीण रुग्णालयात बसलो. पहिल्याच आठवड्यात कळलं, केसेस कमी नाहीत, नोंदी कमी आहेत. एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेसच्या) रजिस्टरमध्ये 'तोंडाला दारूचा वास' एवढंच असतं, तेही डॉक्टरांना फुरसत मिळाली तर.

रक्ताच्या आकड्यालाही भुलू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं. सातला मोटारसायकल बैलबंडीवर आदळली आणि रक्त घ्यायला अकरा वाजले, तर 80 चा माणूस 20 वर येतो. कागदावर कोरडा! म्हणून अपघाताची आणि नमुन्याची, दोन्ही वेळा लिहा. सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा नको, हेही सांगून ठेवा.

माझी मोठी चूक प्रश्नात होती. 'दारू घेतली होती का?' म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नाही जी." जिथं पिणं हाच गुन्हा, तिथं खरं कोण सांगेल? मग मी 'कुठून निघाले होते, संग कोण होतं' असं विचारू लागलो. पोळ्याच्या करीला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, पाय मोडून आलेला एक जण दुसऱ्या सकाळी म्हणाला, "मोहाची होती, दोन गिलास. पोलिसाले सांगसान काय?" सकाळपर्यंत मुद्दाम थांबलो होतो, नशेत घेतलेला अंगठा ही संमती नव्हे.

जखमींपैकी इतके प्यालेले होते, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. पिऊन सुखरूप घरी गेलेले मोजले कोणी? त्याच माणसाला विचारा: जखमेआधीच्या सहा तासांत घेतली होती का, आणि मागच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी? म्हणजे तो स्वतःशीच ताडून बघता येतो. करीला मात्र ही युक्ती फसते, मागच्या आठवड्यात कर नसते ना!

मारामारीचं त्यामानानं सोपं, दोन्ही बाजू एकमेकांची दारू सांगतात. अवघड असते 'घरात पडली' म्हणून आलेली बाई, नवरा दाराशी उभा. त्याला औषध आणायला पिटाळून मग विचारायचं, हे मला सिस्टरनी शिकवलं. प्यालेला तो असतो, जखम तिची. म्हणून रजिस्टरमधल्या तिच्या ओळीत दारूचा उल्लेखच नसतो.