वाडीवरून तालुक्याच्या हायस्कूलला आठवीत जाताय? मग हे वाचा

आमच्या भोरकडं बऱ्याच वाड्यांवर झेडपीची शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत, पुढं तालुक्याचं हायस्कूल. मी तिथूनच दहावी करून पुण्यात आलो, आता भाचा आठवीत चाललाय म्हणून लिहितोय. शिकवणं वाईट नसतं ओ, पण आपणहून कोणी काही सांगत नाही, ऑफिसात जाऊन विचारायला लागतं.

आधी एसटी. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट, पोरांना सवलतीचा, आमच्या वेळी शाळेचा सही-शिक्का घेऊन डेपोत जावं लागायचं, आता कसं ते शाळेतच विचारा. गाडीच्या टायमापायी शेवटचा तास बुडतो, म्हणून वाडीच्या सगळ्या पालकांनी मिळून सरांना सांगा की शेवटी पीटी ठेवा, गणित नको. आमच्या सरांनी ऐकलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार पोरांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. तिची परीक्षा आठवीतच असते, बुद्धिमत्ता नि विषय असे ९०-९० मार्कांचे दोन पेपर, नंबर लागला तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे आणि सातवीला ५५ टक्के (एससी-एसटीला ५०). फॉर्म शाळा भरते, त्यामुळं जून-जुलैपासूनच सरांच्या मागं लागा. आणि नाव तपासा! आधारवर दत्तात्रय, रजिस्टरला दत्ता, पासबुकावर आणखी तिसरंच, असं असलं की पैसे अडकलेच म्हणून समजा. बुद्धिमत्तेला क्लास वगैरे काही नको, जुने पेपर सोडवले तरी भागतं.

सायन्सला दहावीत ४०-४० चे दोन पेपर नि २० मार्क अंतर्गत, ते २० फुकटचे समजून पोरं जर्नल नुसतं उतरवून काढतात. सरांकडनं प्रयोगाच्या सामानाच्या कपाटाची किल्ली मागा की राव, बहिर्वक्र भिंग घेऊन ग्राउंडवरच्या लांबच्या झाडाचं उलटं चित्र एकदा कागदावर पाडा, भिंग ते कागद अंतर पट्टीनं मोजा, नाभीय अंतर परत पाठ करायला लागत नाही.

अकरावीचं अ‍ॅडमिशन २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालंय, म्हणजे भोरला राहायचं असलं तरी फॉर्म भरावाच लागतो. आरक्षणातून जाणार असाल तर जातीचा दाखला नि (एससी-एसटी सोडून) नॉन-क्रिमिलेअर नववीच्या सुट्टीतच सेतूत टाका, दहावीच्या निकालानंतर तिथं पाय ठेवायला जागा नसते.