आपल्या गावात नव्या नाटकांचा अभिवाचन महोत्सव कसा भरवावा

मराठीत नवं नाटक पहिल्यांदा लोकांसमोर येतं ते बहुधा थेट स्पर्धेत. राज्य नाट्य स्पर्धा असो की पुण्याचा पुरुषोत्तम करंडक, पडदा उघडतो तेव्हा नेपथ्य उभं असतं, दिवे लागलेले असतात, परीक्षक पेन उघडून बसलेले असतात. दुसऱ्या अंकात नाटक लंगडतंय हे लेखकाला तिथे कळतं आणि तोवर त्याच्या हातात काही उरलेलं नसतं. अभिवाचनाची जागा त्याच्या कितीतरी आधीची. लेखकाला अजून हवं तेवढं बदलता येईल असं नाटक, हातात कागद धरलेले नट, समोर पन्नासेक श्रोते आणि एका बाजूला कान देऊन बसलेला लेखक. एवढ्यावर महोत्सव होतो.

पुढे लिहिलं आहे ते तालुक्याचं गाव डोळ्यासमोर ठेवून: शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र, चार नाटकं, दोन कार्यशाळा. आम्ही काही वर्षं याच बेताने हा महोत्सव करत आलो आहोत. पहिल्या खेपेला यापेक्षा जास्त नाटकं घेऊ नका. पाचव्या नाटकाला श्रोत्यांचे कान थकलेले असतात आणि त्या लेखकावर अन्याय होतो.

आधी एक वाक्य ठरवा

आयोजकांच्या पहिल्या बैठकीत कागदावर लिहा: हा महोत्सव लेखकासाठी आहे. पुढे वाद झाले की हाच कागद काढायचा. बक्षीस ठेवायचं का? नाही, कारण क्रमांक आला की लेखक ऐकायचं सोडून जिंकायला येतो. पाहुण्यांची भाषणं? शुक्रवारी दहा मिनिटांत नटराजपूजन, नारळ, आभार, सगळं उरकायचं. पार्श्वसंगीत, वेशभूषा? त्याचं उत्तरही त्याच कागदावर आहे.

वर्षाचं गणित

मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला असतो. १८४३ साली याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. संहितांचं आवाहन या दिवशी करा आणि शेवटची मुदत २७ मार्च, म्हणजे जागतिक रंगभूमी दिन, ठेवा. तारखा लोकांच्या लक्षात राहतात आणि लिहिणाऱ्याला अख्खा हिवाळा मिळतो. एप्रिल-मे वाचन आणि निवड, जूनमध्ये तालमी, जुलैत महोत्सव. गणपतीत हौशी मंडळींतला कुणी मोकळा सापडत नाही, म्हणून त्याच्या आधी. कॉलेजची मुलं घेणार असाल तर एकांकिका स्पर्धांच्या तालमी कधी सुरू होतात ते विचारून घ्या, नाहीतर ऐनवेळी दोन वाचक कमी पडतात.

संहिता मागवताना

आवाहनात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: नाटकाचा प्रयोग झालेला नसावा, ते छापलेलं नसावं, युनिकोडमध्ये टाइप केलेलं असावं, पानांना क्रमांक असावेत. लेखकाचं नाव वेगळ्या पानावर मागवा, म्हणजे निवडणाऱ्यांना ते दिसणार नाही. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे ही काळजी घ्यावीच लागते.

बोलीतलं नाटक चालेल, हे ठळक अक्षरांत लिहा. तसं लिहिलं नाही तर मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत विचार करणारा लेखक आपलं नाटक पुस्तकी भाषेत उतरवून पाठवतो आणि त्यातला जीव वाटेतच जातो. गडचिरोलीतल्या वडशाच्या आसपास झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. तिथल्या लेखकाची वाक्यं पुण्याच्या जिभेला पेलत नाहीत. अशी संहिता निवडलीत तर ती बोली घरात बोलणारा निदान एक वाचक आधी शोधा.

निवडीला तिघं पुरतात: एक दिग्दर्शक, एक नट आणि एक निव्वळ वाचणारा माणूस. आमच्याकडे हे तिसरं काम वाचनालयातल्या बाई करतात आणि त्यांचं मत मी सगळ्यात आधी ऐकतो. तिघांना सांगायचं ते हे की सगळ्यात नेटकं नाटक शोधू नका, मोठ्याने ऐकल्यावर ज्याला सर्वांत जास्त फायदा होईल ते शोधा. घासूनपुसून तयार झालेलं नाटक स्पर्धेत जाईलच. एखाद्या संहितेत एक प्रवेश विलक्षण असतो आणि बाकीचं त्याच्यापर्यंत पोचत नसतं. ती घ्या.

निवड न झालेल्या प्रत्येकाला दोन-तीन ओळींचं पत्र पाठवा आणि त्यात त्याच्या नाटकातली एक विशिष्ट जागा आवडल्याचं लिहा. वेळ जातो, पण कुणीतरी आपलं नाटक शेवटपर्यंत वाचलं, हे कळण्याचं मोल फार आहे.

निवडलेल्या लेखकाबरोबर एका पानाचा करार करा. हक्क लेखकाचेच राहतील, परवानगी एकाच वाचनापुरती, ध्वनिमुद्रण केलं तर ते फक्त लेखकाला मिळेल. नाटक एखाद्या कथेवर बेतलेलं असेल तर मूळ लेखकाची किंवा वारसांची लेखी संमती आधी मागा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. ‘जुनीच गोष्ट आहे’ एवढ्याने भागत नाही.

जागा

नाट्यगृह लागत नाही. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने जे केलं त्यातून मराठी प्रायोगिक रंगभूमीचं एक पर्व उभं राहिलं आणि ती जागा शाळेचीच होती. पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच आजही लहान आहे आणि तेच त्याचं बळ आहे. तुमच्याकडे शाळेचा हॉल असेल, वाचनालयाची वरची खोली असेल, एखाद्या मंगल कार्यालयाचं जेवणघर असेल. जुलैत मात्र पत्र्याचं छप्पर टाळा. कोकणातल्या सरीखाली पत्रा वाजायला लागला की नटाचा श्वाससुद्धा पोचत नाही, मग वाक्य कुठलं पोचायला.

जागा ठरवण्याआधी एकाला पुढे उभं करून साध्या आवाजात एक पान वाचायला लावा. तुम्ही पंखे सुरू करून शेवटच्या रांगेत बसा. शब्द कळले तर माइक लावू नका. माइक आला की नट त्याच्याकडे मान वळवून वाचतो आणि समोरच्या पात्राशी बोलणं सुटतं. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडा, वयस्करांसाठी पुढची रांग, मुलांना सतरंजी.

वाचणारे आणि तालीम

चेहरा, उंची, वय यांचा इथे संबंध नाही. न अडखळता वाचणारा आणि दुसऱ्याचं वाक्य ऐकून मग आपलं बोलणारा माणूस हवा. एकाने दोन भूमिका वाचल्या तरी चालतं, फक्त ती दोन पात्रं एकमेकांशी बोलत नाहीत ना, ते तपासा.

लेखकाला स्वतः वाचू देऊ नका. लेखकाने नटसंचासमोर नाटक वाचण्याची आपली परंपरा जुनी आहे आणि ती बैठक मोठ्या आनंदाची असते. पण आपल्या वाक्यात थांबायचं कुठे, हे लेखकाला ठाऊक असतं. कमकुवत ओळ तो आवाजाने सावरून नेतो आणि संहितेतली फट झाकली जाते. ती फट दिसावी म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

प्रत्येक नाटकाला तीन-तीन तासांच्या दोन तालमी पुरतात. पहिली बैठकीची, लेखकासमोर. नटांनी शंका विचारायच्या, उच्चार पक्के करायचे. दुसरी श्रोत्यांकडे तोंड करून. तिसरी घ्यायचा मोह होईल, तो आवरा. तिसऱ्या तालमीत दिग्दर्शक हालचाली बसवायला लागतो.

पहिल्या तालमीनंतर लेखक बदल करणारच. त्याला करू द्या. बदललेली पानं पिवळ्या कागदावर काढा, म्हणजे जुनं पान चुकून वाचलं जात नाही. बाकी छपाई पाठकोरी, मोठ्या टंकात, आणि एक संवाद दोन पानांत तुटणार नाही अशी. टाचण मारू नका. सुटं पान आवाज न करता सरकवता येतं.

रंगसूचनांवर वेगळा तास बसा, कारण अभिवाचन बिघडतं ते बहुतेक वेळा इथे. त्या वाचायला एक स्वतंत्र माणूस ठेवा आणि प्रत्येक सूचनेला विचारा: ही ऐकली नाही तर श्रोत्याचं काही अडेल का? ‘राधा खिडकीशी जाते’ गाळली तरी काही बिघडत नाही. ‘राधा पत्र न वाचताच फाडते’ गाळली तर नाटकच कळणार नाही. ‘दुःखाने’, ‘चिडून’ असे कंसातले शब्द तर वाचायचेच नाहीत. ते नटाच्या आवाजात यायला हवेत, आणि येत नसतील तर लेखकाला हेही कळायला हवं.

वाचनाच्या दिवशी

तीन घंटा द्या. साधं वाचन असलं तरी तिसऱ्या घंटेनंतर माणसं वेगळ्या तऱ्हेने गप्प होतात. सुरुवातीला एवढंच सांगा की हे नाटक अजून लिहिलं जात आहे आणि नंतर चर्चा आहे.

लेखकाला पहिल्या रांगेत बसवू नका. बाजूला, जिथून श्रोत्यांचे चेहरे दिसतील तिथे बसवा. एका स्वयंसेवकाकडे संहितेची प्रत द्या. लोक कुठे हसले, कुठे खोकले, खुर्च्या कुठे करकरल्या, एवढंच त्याने समासात टिपायचं. दुसऱ्या दिवशी लेखकाला ही प्रत दिली की तासभर बोलूनही कळलं नसतं ते त्याला दिसतं.

चर्चा

अभिवाचनाइतकीच तयारी चर्चेची करा. एका वर्षी आमच्याकडे एका ज्येष्ठ पाहुण्यांनी वाचन संपताच माइक मागून घेतला आणि हे नाटक कसं लिहायला हवं होतं ते वीस मिनिटं सांगितलं. हेतू चांगला होता. लेखिका बावीस वर्षांची होती. पुढे वर्षभर तिने त्या संहितेला हात लावला नाही. चूक आमची होती, कारण चर्चा कशी चालेल हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांची चार पायऱ्यांची पद्धत घेतली. पहिल्या पायरीवर श्रोते फक्त सांगतात की त्यांच्या मनात काय राहिलं: कुठलं वाक्य, कुठला क्षण. दुसरीवर लेखक श्रोत्यांना विचारतो, जसं की ‘भाऊ खोटं बोलतोय हे तुम्हाला कधी कळलं?’ त्याचे तीन प्रश्न आधीच कागदावर लिहून घ्या, नाहीतर तो ‘कसं वाटलं?’ एवढंच विचारतो आणि सगळे ‘छान’ म्हणतात. तिसरीवर श्रोते लेखकाला विचारतात, पण प्रश्नात मत दडलेलं नको. ‘शेवट इतका घाईत का उरकलात?’ हा प्रश्नाच्या वेषातला शेरा झाला. ‘शेवटच्या दोन प्रवेशांत किती काळ गेला असं तुमच्या मनात आहे?’ हा प्रश्न. चौथ्या पायरीवर मत येतं, तेही विचारून: ‘आईच्या भूमिकेबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?’ लेखक ‘नको’ म्हणू शकतो, आणि त्याने ‘नको’ म्हटलं तर विषय तिथे संपला.

चर्चा चालवणारा माणूस शांत, पण ठाम लागतो. गावातला एखादा चांगला शिक्षक हे काम नटापेक्षा बरं करतो. चाळीस मिनिटांवर थांबा. बाकीचं बोलणं चहाच्या टपरीवर होईल आणि ते अडवायचं कारण नाही.

कार्यशाळा

शनिवारी सकाळी लेखनाची, रविवारी सकाळी वाचिकाची, म्हणजे आवाजाने करायच्या अभिनयाची. प्रत्येकी तीन तास, पंधरा माणसं. त्याहून जास्त झाली की प्रत्येकाचं लिहिलेलं ऐकायला वेळ उरत नाही.

लेखनाच्या कार्यशाळेत व्याख्यान नको. सगळ्यांना पाऊण तास एसटी स्टँडवर पाठवा. कानावर पडलेली दहा वाक्यं जशीच्या तशी लिहून आणायची, व्याकरण न सुधारता. परत आल्यावर त्यातलं एक वाक्य घेऊन दोन माणसांचा प्रवेश लिहायचा. दोघांना एकमेकांकडून काहीतरी हवं आहे, पण काय हवं ते कुणीच उघड बोलत नाही. मग प्रवेशांची अदलाबदल करून दुसऱ्याने वाचायचा. तीन तास कसे जातात कळत नाही.

वाचिकाला ‘मी उद्या येणार नाही’ हे एक वाक्य पुरतं. दर वेळी वेगळ्या शब्दावर भर द्या आणि ऐकणाऱ्यांनी त्याच्या आधीचा प्रश्न ओळखायचा. भर ‘मी’वर, तर कोण येणार असं कुणीतरी विचारलं असणार, ‘उद्या’वर, तर परवाची आशा आहे. इथून श्वास, विराम, वाक्याचा शेवट न गिळणं, याकडे आपोआप जाता येतं.

पैसे आणि परवानग्या

हॉल बहुतेक वेळा फुकट मिळतो. खर्च होतो तो प्रवास, जेवण, झेरॉक्स आणि मानधनावर. पाकीट आधी लेखकाचं भरा, कितीही लहान असलं तरी. आम्ही प्रवेश मोफत ठेवतो आणि दाराशी पेटी ठेवतो. महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा जाहीर वाचनाचीही चौकशी दोन महिने आधी करा आणि उत्तर लेखी घ्या. पोलीस ठाण्याला कळवणारं पत्र देऊन पोच घ्या.

महोत्सव उठल्यावर

आठवड्याच्या आत प्रत्येक लेखकाला भेटा. समासातल्या टिपणांची प्रत द्या आणि पुढचा खर्डा कधी देणार ते विचारून वहीत लिहून ठेवा. गणपती झाले की त्या नव्या खर्ड्याचं बंद दारामागे एक वाचन ठेवा: तेच नट, तोच लेखक, श्रोते नाहीत. पुण्याच्या थिएटर अकादमीने १९८५ ते १९९४ अशी सलग वर्षं नाटककारांसाठी योजना चालवली होती. लेखक घडायला लागणारा वेळ हा असा वर्षांत मोजावा लागतो. बंद दारामागचं वाचन झालं की गावातल्या एखाद्या हौशी संस्थेच्या दिग्दर्शकाला संहिता नेऊन द्या, पंधरा दिवसांनी त्याला फोन करा आणि ५ नोव्हेंबरच्या आवाहनाचा मजकूर लिहायला बसा.