आयर्न सरळ, ड्रायव्हर वाकडा: गोल्फच्या रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाण्याआधीची तयारी

"माझे आयर्न बरे आहेत, फक्त ड्रायव्हर उजवीकडे पळतो." हे वाक्य मी दोन वर्षं छातीठोकपणे म्हणत होतो. (क्लब म्हणजे चेंडू मारायची काठी; आयर्न म्हणजे पातळ पात्याचे क्लब, ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब मारायचा मोठ्या डोक्याचा क्लब.) नाइन आयर्नचे चेंडू सगळे डावीकडे जातात, हे दिसत होतं, पण ते "जरासे ओढले गेले" म्हणून सोडून देत होतो. पुढे कळलं की दोन्हीकडे दुखणं एकच आहे. तेव्हापासून स्विंगमध्ये (क्लब फिरवण्याच्या पद्धतीत) काही बदलायचं झालं की मी आधी पुरावा गोळा करतो. त्यासाठी लागणारी तयारी इथे मांडतो आहे. सगळ्या दिशा उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या आहेत, डावखुऱ्यांनी उलट्या करून वाचाव्यात.

सुरुवात आदल्या संध्याकाळी, कागदावर. गेल्या दोन-तीन राउंडमधले वाईट फटके आठवा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: क्लब कुठला, चेंडू निघाला कुठे, मग वळला कुठे. "बेकार गेला" ही नोंद नव्हे. निघणं आणि वळणं वेगळं लिहायचं, कारण त्यांची कारणं वेगळी आहेत. चेंडू निघतो तो मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबचा फेस (चेंडूला लागणारी सपाट बाजू) जिकडे बघत असेल तिकडे. वळतो तो फेसची दिशा आणि क्लबचा मार्ग यांत फरक असेल तर. जुन्या शिकवणीत हे उलटं सांगत, आणि अजूनही बरेच जण तसंच सांगतात. त्यामुळे फुकटचा सल्ला मिळाला तर तो कुठल्या शाळेचा आहे ते तपासून घ्या.

बॅग हलकी ठेवा. सेव्हन आयर्न, नाइन आयर्न आणि ड्रायव्हर, बास. सोबत दोन अलाइनमेंट काठ्या, पुसता येणारा मार्कर किंवा पायांना मारायच्या पावडरचा स्प्रे, एक हातरुमाल, ओलं फडकं, वही, आणि फोन उभा राहील असं काहीतरी. निघण्याआधी ग्रिप (क्लबची मूठ) साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. गुळगुळीत झालेली ग्रिप हात आपोआप आवळायला लावते आणि आवळलेल्या हातांत फेस वेळेवर डावीकडे वळून बंद होत नाही. ड्रायव्हरच्या मानेशी लॉफ्ट (फेस मागे झुकल्याचा कोन) बदलायचा स्क्रू असेल तर तो कुठल्या खुणेवर आहे तेही पाहून घ्या. आयर्नच्या तळावरचे ओरखडे हीलकडेच (दांड्याजवळच्या टोकाकडे) जास्त दिसत असतील तर आघाताच्या वेळी टो (दांड्यापासून लांबचं टोक) वर राहतो आहे आणि क्लब चेंडूला डावीकडे ढकलतो आहे, अशी शंका घ्यायला जागा आहे. तो प्रश्न फिटिंग करणाऱ्याचा (क्लब खेळाडूच्या मापाचा करून देणाऱ्याचा). स्विंगला त्याची शिक्षा नको.

जागा शक्यतो गवताची निवडा. मॅट (कृत्रिम गवताची चटई) खोटं बोलते: क्लब चेंडूच्या मागे पडला तरी मॅटवरून घसरत पुढे येतो, चेंडू उडतो आणि आपण खूश. मॅटशिवाय पर्याय नसेल तर चेंडूच्या मागे अर्धी वीत अंतरावर हातरुमाल पसरा. क्लब रुमालाला लागला तर तो फटका फॅट (चेंडूआधी जमिनीला लागलेला) होता, चेंडू कितीही छान उडालेला असो.

फोनच्या दोनच जागा. एक पाठीमागून (निशाण्याच्या उलट बाजूने), हातांच्या रेषेत आणि हातांच्या उंचीवर. दुसरी समोरून, छातीच्या उंचीवर. फोन दोन पावलं इकडेतिकडे झाला की तोच स्विंग वेगळा दिसतो, म्हणून जागेवर टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) रोवून खूण करा.

पहिले दहा चेंडू अंग मोकळं करायला, ते वहीत धरायचे नाहीत. मग स्विंगला हात न लावता उभं राहणं तपासा. एक काठी चेंडूपलीकडे निशाण्याकडे, दुसरी पावलांपुढे तिला समांतर, रेल्वेच्या रुळांसारखी. स्लाइस (उजवीकडे वाकत जाणारा फटका) मारणारा माणूस भीतीने हळूहळू डावीकडे तोंड करून उभा राहू लागतो, त्याने मार्ग आणखी डावीकडे जातो आणि स्लाइस वाढतो. पकड पाहताना डाव्या हाताची दोन, फार तर तीन बोटांची पेरं वरून दिसायला हवीत. सेव्हन आयर्नला चेंडू मध्याच्या किंचित पुढे, ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत, आणि टी इतकी उंच की अर्धा चेंडू ड्रायव्हरच्या माथ्याच्या वर दिसेल. इथे एक छुपी खोड आहे. चेंडू पुढे असल्यामुळे त्याच्याकडे हात नेताना खांदे नकळत डावीकडे उघडतात. पावलं समांतर दिसतात, खांदे नसतात. काठी छातीला आडवी धरून बघा, बहुतेकांना धक्का बसतो.

आता सेव्हन आयर्न, दहा चेंडू. नजर डिव्हटवर (क्लबने जमिनीत पाडलेल्या खड्ड्यावर). तो चेंडूच्या जागेच्या पुढे सुरू व्हायला हवा. फॅट आणि थिन ही भावंडं आहेत: दोन्हीत क्लबचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. मग कधी जमीन आधी लागते, तर कधी वर येणारा क्लब चेंडूचं पोट पकडतो. त्यामुळे चेंडू टॉप झाला (क्लब वरच्या भागाला घासून तो घरंगळला) की "डोकं वर केलंस" हा जो सार्वजनिक निकाल लागतो, तो मला बहुतेक वेळा निरुपयोगी वाटतो. आधी समोरून घेतलेल्या व्हिडिओत वजन उजव्या पायावर अडकलंय का ते पाहा. शँक (क्लबच्या मानेला लागून तिरका उडालेला फटका) असेल तर फेसवरची खूण हॉझलकडे (त्या मानेकडे) दिसेल, आणि कारण बहुधा खाली येताना चेंडूकडे सरकणारं अंग. चेंडूच्या बाहेरच्या बाजूला दोन बोटांवर टी रोवून तिला न लागता मारायचा प्रयत्न करा.

त्यानंतर नाइन आयर्न आणि ड्रायव्हर आलटून पालटून, पाच-पाच चेंडू. या तुलनेसाठीच एवढा खटाटोप. क्लब बाहेरून आत कापत येत असेल आणि फेस मार्गाच्या मानाने जरा उघडा (उजवीकडे बघणारा) असेल, तर नाइन आयर्नचा चेंडू डावीकडे निघतो आणि फारसा परत वळत नाही. लॉफ्ट ४० अंशांच्या आसपास असल्याने उलटी फिरकी भरपूर मिळते आणि फिरकीचा अक्ष फार कलत नाही. ड्रायव्हरला लॉफ्ट दहाएक अंश, उलटी फिरकी कमी. त्यामुळे तेवढाच फरक अक्ष कितीतरी जास्त कलवतो आणि चेंडू केळ्यासारखा उजवीकडे वाकतो. डावीकडचा पुल आणि उजवीकडचा स्लाइस एकाच स्विंगमधून निघतात. दोन्हीवर वेगवेगळा उपाय करत बसलात तर एक बरा होताना दुसरा बिघडणार.

पण ड्रायव्हरवर निकाल देण्याआधी फेसवर स्प्रे मारा, किंवा चेंडूच्या मागच्या बाजूला मार्करचा ठिपका काढून तो फेसवर कुठे उमटतो ते पाहा. चेंडू हीलला लागला तर चांगल्या स्विंगलाही उजवीकडची फिरकी मिळते, टोच्या बाजूला लागला तर डावीकडची. खुणा हीलकडे जमत असतील तर स्विंगचा मार्ग बदलू नका, आधी चेंडूपासूनचं अंतर आणि तोल बघा. ड्रायव्हरच्या माथ्यावर पांढरे डाग म्हणजे क्लब फार उभा खाली येतोय, किंवा टी फार उंच आहे.

बदलांचा क्रम माझा ठरलेला: उभं राहणं, मग फेसवरची खूण, मग फेसची दिशा, शेवटी मार्ग. मार्ग आधी सुधारला आणि फेस उघडाच राहिला, तर चेंडू उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळतो. माणूस घाबरून उपाय टाकून देतो, आणि उपाय बरोबरच होता. म्हणून आधी पकड जरा उजवीकडे फिरवून दहा चेंडू मारा. ते डावीकडे निघून सरळ जाऊ लागले तर समजा फेस आता मार्गाशी जुळला. मग मार्गाला हात घाला. ज्यांचा चेंडू उलट हुक होतो (डावीकडे वाकतो) त्यांनाही क्रम हाच, फक्त पकड डावीकडे.

पन्नासएक चेंडूंत हे सगळं बसवा. शेवटचे दहा क्लब बदलत, प्रत्येक वेळी नवा निशाणा धरून, कारण मैदानावर एकच क्लब सलग दहा वेळा कुणी मारत नाही. वहीत त्या दिवशीचा एकच बदल लिहा, फोनची जागाही लिहा. निघताना काठ्या बॅगेच्या तळाशी टाका: राउंडमध्ये त्या जमिनीवर ठेवून दिशा धरता येत नाही. आणि ओल्या फडक्याने फेसवरची पावडर खोबणींतूनही पुसून काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहिल्याच टीवर चेंडू का सटकला याचा नवा शोध सुरू होईल.