झोन बदलायचा, आरक्षण उठवायचं की नुसता वापर बदलायचा? नगररचना विभागात अर्ज करण्यापूर्वी

‘झोन चेंज करून पाहिजे’ असं म्हणत नगररचना विभागात येणाऱ्या बऱ्याच जणांना झोन, म्हणजे विकास आराखड्यानं जमिनीला ठरवून दिलेला वापराचा विभाग, बदलायची गरजच नसते. कुणाला राहत्या फ्लॅटमध्ये क्लिनिक काढायचं असतं, कुणाच्या प्लॉटवर वीस वर्षांपासून बागेचं आरक्षण असतं, म्हणजे ती जागा सार्वजनिक बागेसाठी राखून ठेवलेली असते, तर कुणाच्या शेतातून प्रारूप (कच्च्या) आराखड्यात रस्ता गेलेला असतो. या प्रत्येक कामाचं कायद्यातलं कलम वेगळं आणि मुदतही वेगळी. चुकीच्या कलमाखाली केलेला अर्ज कुणी लगेच नाकारत नाही. तो टेबलांवरून फिरत राहतो आणि दरम्यान खऱ्या अर्जाची मुदत निघून जाते.

महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र आयोग नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार महापालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायत हीच आपल्या हद्दीतलं ‘नियोजन प्राधिकरण’ असते. काही भागांत सिडको किंवा पीएमआरडीएसारखी प्राधिकरणं हे काम करतात. हद्दीबाहेरच्या, प्रादेशिक योजनेतल्या जमिनींसाठी जिल्हाधिकारी आणि जिल्ह्याचं नगररचना शाखा कार्यालय. एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या: मंजूर आराखड्यात जे बसतं त्याची परवानगी पालिका देऊ शकते, पण आराखडा स्वतःच्या अधिकारात बदलू शकत नाही. बदलाला शेवटची मंजुरी राज्य शासनाच्या नगर विकास विभागाची. आयुक्तांनी ‘करून देतो’ म्हटलं तरी हे बदलत नाही.

आधी झोन दाखला आणि भाग नकाशा

सातबाऱ्यावर झोन नसतो. एनए (बिगरशेती) ऑर्डर म्हणजे झोन दाखला नव्हे. बिल्डरच्या माहितीपत्रकातला रंगीत नकाशा तर कशाचाच पुरावा नाही. नगररचना विभागात अर्ज करून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा, दोन्ही मागा. सोबत अलीकडचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भूमी अभिलेखची मोजणीची क प्रत (मोजणी नकाशा) आणि ठरलेलं शुल्क लागतं. नुसता दाखला घेऊ नका. त्यावर ‘अंशतः रहिवास, अंशतः शेती’ एवढंच लिहिलेलं असतं. पिवळा (रहिवासाचा) पट्टा कुठं संपतो आणि हिरवा (शेतीचा) कुठं सुरू होतो ते भाग नकाशाच सांगतो.

गट मोठा आणि तुमचा पोटहिस्सा लहान असेल तर फाळणी झालेली असायला हवी. पोटहिस्स्याची मोजणी नसेल तर दाखला पूर्ण गटाचा मिळतो आणि आरक्षण तुमच्या तुकड्यावर आहे की चुलत्यांच्या, हे कागदावर ठरत नाही. पुढची निम्मी भांडणं इथूनच निघतात.

कागद हातात आल्यावर एवढं वाचा: जमीन वापराचा विभाग, डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्याची रुंदी आणि रेषा, आरक्षण असल्यास त्याचा क्रमांक, प्रयोजन आणि समुचित प्राधिकरण (जागा ज्या संस्थेसाठी राखली ती), आराखडा अंमलात आल्याची तारीख. आराखडा अंमलात आल्याची ही तारीख बहुतेक जण वाचत नाहीत. आरक्षणाच्या कामात सगळं तिच्यावरच अवलंबून असतं. नदीकाठची जमीन असेल तर पूररेषाही पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतल्या जमिनीला झोन पिवळा करून मिळाला तरी त्याचा उपयोग नाही, कारण बांधकामाची मनाई झोनमुळे आलेलीच नसते. सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) आणि डोंगरउताराचंही तसंच.

वापर बदल: कलम ४४

कायद्यातल्या ‘विकास’ या संज्ञेत विटा-सिमेंटइतकाच वापरातला मोठा बदलही येतो. म्हणून भिंत न हलवता फ्लॅटचं ऑफिस केलं तरी परवानगी लागू शकते. तुमच्या झोनमध्ये तो वापर चालतो का, हे विकास नियंत्रण नियमावलीत बघायचं. मुंबईला स्वतःची २०३४ ची नियमावली आहे. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत नियमावली, म्हणजे बोलीतली यूडीसीपीआर, लागू आहे. दोन्हींत रहिवास विभागातही बरंच काही चालतं: डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांना स्वतःच्या राहत्या जागेत मर्यादित क्षेत्रात व्यवसाय, रुंद रस्त्यावर दुकानं, कार्यालयं, काही ठिकाणी मंगल कार्यालयसुद्धा. निर्णय बहुधा समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर होतो. त्यामुळे अर्जापूर्वी रस्ता प्रत्यक्षात किती आणि आराखड्यात किती, हे दोन्ही मोजून ठेवा.

अर्ज परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्यामार्फत जातो. मूळ मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेनं दिलेला दाखला), बदल दाखवणारा नवा नकाशा, मालकीचे कागद, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि वापरानुसार अग्निशमन विभागाचा दाखला लागतो. हे अर्ज मुख्यतः तीन गोष्टींवर अडतात. इमारतीला भोगवटाच नसतो, त्यामुळे ‘मूळ अधिकृत वापर’ काय हेच सिद्ध होत नाही. दुसरं पार्किंग: दुकानाला किंवा कार्यालयाला घरापेक्षा जास्त गाड्यांची जागा दाखवावी लागते आणि जुन्या इमारतीत ती नसते. तिसरं, साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत, आधीच टाकलेली शेड स्थळपाहणीत दिसते आणि फाइल वापर बदलाऐवजी अतिक्रमणाकडे वळते. शेड आधी काढा, मग अर्ज करा.

साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर कलम ४५(५) नुसार परवानगी मिळाली असं मानलं जातं. हे खरं असलं तरी फसवं आहे. साठ दिवस अर्जापासून किंवा तुम्ही त्रुटींची पूर्तता केल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तेव्हापासून मोजतात. शिवाय प्रस्ताव नियमावलीत काटेकोर बसतच असला पाहिजे. पन्नासाव्या दिवशी एक त्रुटी निघाली की मोजणी पुन्हा सुरू. म्हणून प्रत्येक पूर्तता लेखी द्या आणि आवक शिक्का घ्या. नकार आला तर कळवल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येतं.

बिगरनिवासी दरानं मालमत्ता कर भरला किंवा दुकानाची शॉप अॅक्टखाली नोंदणी झाली, म्हणजे वापर अधिकृत झाला असं होत नाही. कर विभाग प्रत्यक्ष वापर पाहून आकारणी करतो, परवानगी विचारत नाही. परवानगीशिवाय वापर बदलणं हा कलम ५२ खाली गुन्हा आहे. त्यात एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

प्रारूप आराखडा जाहीर झाला असेल तर: ३० दिवस

जमिनीवर नको ते आरक्षण आलेलं दिसलं, तर सगळ्यात स्वस्त आणि सोपी वेळ हीच. कलम २६ खाली प्रारूप जाहीर झाल्यावर हरकती व सूचनांसाठी बहुतेक ठिकाणी ३० दिवस मिळतात. हरकतींवर सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नियोजन किंवा पर्यावरणाची जाण असलेले जास्तीत जास्त चार जण असतात. हरकतींना वजन असतं: मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा गदारोळानंतर फेरतयारीसाठी परत पाठवावा लागला आणि सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं.

पण सुनावणीत तुमच्या वाट्याला मिनिटं मोजकीच येतात, म्हणून कागद बोलका हवा. एका जमिनीसाठी एक हरकत. त्यात गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक, तुमची हद्द लाल शाईनं दाखवलेला भाग नकाशा आणि नेमकी मागणी. ‘अन्याय दूर करावा’ ही मागणी झाली नाही. ‘आरक्षण वगळून क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करावं’ किंवा ‘रस्त्याची रेषा शासकीय जागेच्या बाजूला सरकवावी’ असं लिहा.

कारण नियोजनाचं द्या. आरक्षित जागेवर मंजूर अभिन्यास (लेआउट) आहे किंवा परवानगीची इमारत उभी आहे, जवळच शासकीय जमीन मोकळी आहे, त्याच प्रयोजनाचं दुसरं आरक्षण हाकेच्या अंतरावर आहे, विद्यमान जमीन वापर नकाशात तुमची जागा चुकीची दाखवली आहे. ही कारणं समितीला अहवालात लिहिता येतात. वडिलोपार्जित जमीन, घरात लग्नकार्य, कर्ज ही खरी दुःखं असली तरी त्यांवर समितीला आरक्षण हलवता येत नाही. शेकडो जणांनी एकाच छापील मजकुरावर सह्या करून दिलेल्या हरकती एकत्र निकाली निघतात, तेव्हा तशा गठ्ठ्यावर विसंबू नका.

सुनावणी झाली म्हणून नकाशा बघणं सोडू नका. शेजाऱ्याचं उठलेलं आरक्षण तुमच्याकडे सरकू शकतं. बदल मोठ्या स्वरूपाचे असतील तर ते पुन्हा प्रसिद्ध होतात आणि त्यांवर हरकतीची संधी मिळते. शासन मंजुरी देताना काही भाग बाजूला ठेवतं, त्याला ‘ईपी’ (एक्सक्लुडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) म्हणतात. त्यावरही स्वतंत्रपणे हरकती मागवल्या जातात.

मंजूर आराखड्यात बदल: कलम ३७

खरा झोन बदल तो हा. हिरव्यातून पिवळा, आरक्षणाखालून मोकळा, रस्त्याची रेषा हलवणं. अट एकच आणि ती कडक: आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. चारी बाजूंनी शेती असताना मधल्या एका गटाला रहिवास मागणं या अटीवर पडतं. पिवळ्या पट्ट्याला लागून असलेल्या, दोन्ही बाजूंनी वस्तीनं वेढलेल्या जमिनीचं म्हणणं टिकतं.

अर्ज आयुक्तांकडे किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे. नगररचना विभाग स्थळपाहणी करून अभिप्राय देतो. प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे जातो. सभा नसेल तर प्रशासकाचा ठराव. मग राजपत्रात आणि वृत्तपत्रांत सूचना, हरकतींसाठी एक महिना, बाधितांची सुनावणी, आणि सगळा गठ्ठा शासनाकडे. शासन नगररचना संचालकांचं मत घेऊन निर्णय देतं, बहुधा अधिमूल्य (प्रीमियम) आणि अटींसह. यात वर्ष-दोन वर्षं गेली तर आश्चर्य मानू नका, आणि तेवढं व्याज सोसवत नसेल तर कर्ज काढून अशी जमीन घेऊ नका. हा फेरबदल तुमचा हक्क नाही; प्राधिकरणाला योग्य वाटलं तर ते प्रस्ताव करतं.

प्रस्तावाला जोडा: सर्व सहधारकांच्या सह्या किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, मोजणी नकाशा, झोन दाखला, भाग नकाशा, आसपासच्या जमिनींचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा, पोहोच रस्त्याचा पुरावा. फायली सर्वाधिक अडतात त्या पोहोच रस्त्यावर. शेताच्या बांधावरून जाणारी पायवाट चालत नाही. रुंदी आणि वहिवाटीचा हक्क कागदावर दाखवावा लागतो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, म्हणजे वतनाची किंवा शासनानं दिलेली वगैरे, तर महसूलची परवानगी ही स्वतंत्र लढाई आहे. ती आधी सुरू करा.

शेजारच्या जमिनीचा फेरबदल तुम्हाला नको असेल, तर त्याच एका महिन्यात तुमचीही लेखी हरकत जायला हवी. सूचना स्थानिक वृत्तपत्राच्या कोपऱ्यात येते. ठरावाची प्रत आणि विभागाची टिपणी माहिती अधिकारात मागता येते, पण माहितीला ३० दिवस लागू शकतात, म्हणून हरकत आधी द्या आणि कागद सुनावणीला न्या.

जुनं आरक्षण: कलम १२७

अंतिम आराखडा अंमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जमीन संपादन झाली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी ठोस पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपुष्टात येतं, आणि लगतच्या जमिनीला चालतो तो वापर तुम्हालाही मिळतो. ही मुदत आधी १२ महिन्यांची होती, २०१५ च्या दुरुस्तीनं दुप्पट झाली. नुसता संपादनाचा ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र म्हणजे ‘पाऊल’ नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सांगितलं आहे.

बहुतेक सूचना एका दिवसाच्या हिशेबानं मरतात. दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आधी दिलेली सूचना बाद. तुमचं आरक्षण ईपीमध्ये नंतर मंजूर झालं असेल तर मोजणी त्या नंतरच्या तारखेपासून. सुधारित आराखडा येऊ घातला असेल तर त्याच्या मंजुरीपूर्वी सूचना द्या, नाहीतर दहा वर्षं नव्यानं मोजली जाण्याचा धोका आहे. सूचनेसोबत मालकीचे कागद हवेतच, ते नसतील तर सूचना अपुरी. पालिकेला आणि आरक्षण ज्याच्यासाठी आहे त्या समुचित प्राधिकरणालाही, दोन्हीकडे पोचपावतीसह पाठवा. शाळेचं किंवा पोलिस ठाण्याचं आरक्षण पालिकेचं नसू शकतं. दोन वर्षांत पालिका टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ करेल किंवा समावेशक आरक्षणाचा, म्हणजे काही भागात आरक्षणाची सुविधा बांधून देऊन उरलेली जमीन स्वतः विकसित करण्याचा, पर्याय पुढे ठेवेल. भाव आणि एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते) पाहून तो कधी कधी व्यपगत होण्यापेक्षा फायद्याचा असतो. पण लेखी संमती देण्यापूर्वी हिशेब करा, कारण ती दिल्यावर १२७ चा दावा कमकुवत होतो.

२४ महिने संपल्यावर कलम १२७(२) खालच्या राजपत्रातल्या अधिसूचनेसाठी पाठपुरावा करा. ती निघाल्याशिवाय बांधकाम परवानगी विभाग नकाशावर आरक्षणच दाखवत राहतो. अधिसूचना आली की नवा झोन दाखला घ्या, आणि भाग नकाशावर त्या अधिसूचनेचा क्रमांक व तारीख लिहिलेली आहे का ते काउंटरवरच तपासा.