कोकणातलं घर: शाकारणी एप्रिलमध्ये, रंग दिवाळीनंतर

कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून छपराच्या कामाचे दिवस ७ जूनपासून मागे मोजत यायचे.

शाकारणीसाठी, म्हणजे छप्पर दुरुस्त करून पुन्हा रचायला, कौलं एप्रिलमध्येच उतरवा. मे महिन्यात वळीव कधी गाठेल सांगता येत नाही आणि तेव्हा सुतारही हाताशी लागत नाही. छप्पर उघडं झालं की आधी रिपा आणि वासे तपासा. पेचकसाचं टोक दाबल्यावर सहज आत गेलं, तर ते लाकूड वाळवीनं पोखरलंय किंवा कुजलंय, बदलाच. प्रत्येक कौलावर टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे मंगळुरी कौलं लागतात. दहावा हिस्सा जास्तीची घ्या, वानरं असतील तर त्याहून जास्त. दोन उतार मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ मात्र स्वतः वर चढून बघा. पाचोळा अडकला की पाणी तुंबून उलटं कौलाखाली शिरतं आणि गळती भलत्याच खोलीत दिसते.

स्लॅब असेल तर भेग सेंटिमीटरभर खोल खाचून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट मॉर्टरनं भरा आणि सात दिवस ओली ठेवा. पूर्ण वाळल्यावर जलरोधक लेपाचे दोन हात द्या, एक उभा, एक आडवा. लेप पक्का झाला की पाइपांची तोंडं बंद करून इंचभर पाणी २४ तास साठवा आणि खालून छत बघा.

रंगाचा घोळ गणपतीपायी होतो. घर सजवायची हौस रास्तच आहे, पण श्रावणात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत आतून ओली असते. त्यावर पुट्टी आणि ऑइल पेंट चढवला की ओल कोंडते, फुगे येतात आणि पुढे पोपडे सुटतात. उघड्या चिऱ्यावर किंवा जुन्या चुन्यावर आतून चुन्याचा हात द्या. त्यातून भिंतीची ओल बाहेर पडू शकते. प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही, तिथे नुसती भिंत पुसून घ्या. बाहेरचा रंग दिवाळीनंतर, डिसेंबर-जानेवारीत द्या. त्याआधी दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं तर अजून थांबा. पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाते, ती बहुधा शेवटी सुकते. नवा गिलावा असेल तर रंगाआधी किमान २८ दिवस जाऊ द्या.

ऑगस्टमध्ये दार अडतंय म्हणून रंधा मारू नका, मार्चमध्ये तिथे फट पडेल. घासणाऱ्या जागी पेन्सिलीची खूण करा. फेब्रुवारीतही घासत असेल तरच तासा आणि वरच्या-खालच्या कडांना वॉर्निश लावा. या कडा सहज दिसत नाहीत म्हणून कोऱ्याच राहतात, आणि लाकूड सगळ्यात जास्त दमटपणा तिथूनच शोषतं.