वाळवंटात कॅम्परव्हॅनचं छत गळलं तर जागेवरच कसं दुरुस्त करायचं

आमची गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, कोल्हापूरच्या उद्यमनगरात आतून-बाहेरून करून घेतलेली, वर एक सोलर पॅनल आणि छताला भोक पाडून बसवलेला एक १४ इंची व्हेंट फॅन. कोल्हापूरचे दोन पावसाळे काढले, गगनबावड्याला भर जुलैत मुक्काम केला, आत थेंब नाही. आणि गळली कुठं तर जैसलमेरच्या पुढं सम गावाजवळ, जानेवारीत, रात्री दोन वाजता, बरोबर दाजींच्या कपाळावर. तिकडं थंडीत कधीतरी पाऊस येतो त्याला मावठ म्हणतात, आपल्या अवकाळीसारखंच. दाजी उठून बसले आणि म्हणाले, पाव्हणं, वाळवंटात आणून आंघोळ घालताय होय!

त्याचं कारण असं की दाजी तिकडं पवनचक्कीच्या साईटवर कामाला, म्हणून गाडी एप्रिलपासून त्यांच्याकडंच उघड्यावर उभी होती. उन्हाळ्यात तिकडं हवाच ४५ डिग्रीच्या पुढं जातीय, पत्रा त्याच्याहून कितीतरी जास्त तापतोय आणि रात्री परत गार पडतोय. लोखंडाचा ४ मीटरचा पत्रा ४० डिग्रीच्या फरकाला जवळपास २ मिमी लांबतोय-आखडतोय, ॲल्युमिनियम असला तर साडेतीन मिमीच्या पुढं, आणि वर बसवलेली प्लॅस्टिकची फ्रेम त्याहून वेगळ्याच हिशोबानं हलतीय. ही ओढाताण रोज. त्यात वरनं ऊन सीलंट, म्हणजे जोडांत भरलेला लवचीक मसाला, खातंय, ते पांढरं पडतंय, खडूसारखी भुकटी सुटतीय, कडेला केसाएवढी भेग पडतीय. पाऊस फक्त दाखवून देतोय, भोक उन्हानं आधीच पाडलेलं असतंय. तिकडच्या पावसाळ्यात चार सरी आल्याच असणार, पण तेव्हा गाडीत झोपायला होतं कोण.

आता कामाचं. सकाळी उठल्या उठल्या ट्यूब घेऊन वर चढू नका. आधी बघा की गळतंय का नुसता घाम आहे. थंडीत रात्री पत्रा गार, आत चार माणसं झोपलेली, चहा उकळलेला, मग पत्र्याला आतनं पाणी धरतंय आणि ठिबकतंय पण. घाम असला तर तो खिडकीच्या काचेवर पण दिसणार आणि छताला सगळीकडं असणार, गळती एकाच जागेला असते आणि बहुतेक वेळा पिवळा-तपकिरी डाग सोडते.

गळती असली तर लक्षात ठेवा की थेंब पडतोय तिथंच भोक नसतंय. पाणी पत्र्याच्या आणि आतल्या प्लायच्या मधनं उताराकडं पळतंय, आमच्यात भोक फॅनजवळ आणि थेंब चार फूट मागं. आपल्याकडं असतो तर पाईप लावून खालनं वर एकेक भाग दहा दहा मिनिटं भिजवला असता, पण तिकडं टाकीतलं पाणी असं ओतायचं म्हणजे ताई जेवायला घालणार नाही. त्यावर उपाय आहे. सगळ्या खिडक्या-दारं बंद करा, व्हेंट बंद करा, गाडीचा ब्लोअर फुल आणि हवा बाहेरनं घेणारा मोड लावा, म्हणजे आत हवेचा दाब तयार होतोय. एकानं वर जाऊन स्प्रेच्या बाटलीतनं साबणाचं पाणी जोडांवर मारायचं, जिथं भोक तिथं फेसाचे बुडबुडे येतात, अगदी पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं. आमच्या फॅनच्या फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यात एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, परत आला. सोलरच्या एका स्क्रूलाही आला. अर्धा लिटर पाण्यात सगळं छत तपासून झालं.

वर चढताना प्लायचा तुकडा टाकून त्यावर गुडघे टेका, पत्र्याला पोचा पडला की तिथं पुढं पाणी साठतंय. आणि सोलर पॅनलवर जाड चादर टाका, वायर काढली तरी उन्हात पॅनलच्या टोकांना व्होल्टेज असतंच.

मग जुनं सीलंट काढायचं. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि ह्यातच सगळे शेण खातात. जुन्यावरच नवीन फासलं तर नवीन चिकटतंय ते भुकटीला, पत्र्याला नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीनं किंवा बोथट पत्रीनं खरडा. आधी कुणी बाथरूमचं सिलिकॉन लावलेलं असलं तर ते मुळापासनं काढा, कारण सिलिकॉनच्या थरावर दुसरं काहीच धरत नाही. आमच्यात एका कोपऱ्यात हातानं मळून लावायची कडक पुट्टी होती, ती मीच पूर्वी लावलेली, कबूल करतो. ती दगडासारखी होती आणि पत्रा हलला की कडेनं सुटली. डांबराची पट्टी पण लावू नका, त्या उन्हात मऊ होऊन वघळ येतात.

खरडल्यावर वाळूचा बंदोबस्त. वाळू म्हणजे ढिगाऱ्यातली नव्हे, ती मैद्यासारखी धूळ असतीय ना, ती प्रत्येक भेगेत. कोरड्या ब्रशनं झाडा, मग आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याला लावून पुसा, फडकं बदला, परत पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. पेट्रोल-रॉकेल नको, तेलकट थर राहतोय, आणि तुमचं छत रबरी मेंब्रेनचं असलं तर ते फुगतंय. वारा सुटला असला तर त्या दिवशी सीलंटच उघडू नका.

आतली लाकडं ओली असतील तर आतलं सीलिंग उघडून आधी वाळवा. इथं वाळवंटाचा फायदा आहे, कोल्हापुरात आठ दिवस लागले असते तो प्लाय तिकडं दीड दिवसात खडखडीत. ओलं ठेवून वरनं बंद केलं तर ऊन लागल्यावर वाफ धरतीय आणि नवीन थराला फोड येतात.

लावायची वेळ, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. भर दुपारी लावलं तर वरचा पापुद्रा लगेच धरतोय, खालची हवा तापून फुगतीय आणि बुडबुडे येतात. सकाळी लावलं तर पत्रा पुढं तापतच जाणार, तोच ताप. आम्ही थंडीत दुपारी साडेतीन-चारला धरलं, ऊन उतरणीला लागलेलं, पण दव पडायला वेळ. पत्र्यावर तळहात ठेवायचा आणि दहा आकडे मोजायचे, हात काढावा लागला तर आणि अर्धा तास थांबा, चहा घ्या.

माल कुठला वापरायचा? फ्रेमच्या खाली ब्यूटाईल टेप, ती मऊ चिकट रबरी पट्टी असतीय, म्हणजे फ्रेम उचलून खाली ती पट्टी घालायची आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकदम एक बाजू नाही. वरनं कडेला पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट. आपोआप पसरणारं सीलंट मिळालं तर स्क्रूच्या डोक्यांवर आणि सपाटीवर झकास, पण उतारावर लावलं तर ते काचेवर येऊन बसणार, तिथं न ओघळणारंच पाहिजे. ३०० मिलिच्या ट्यूबमध्ये ६ मिमी जाडीची धार साधारण १० मीटर निघते, म्हणजे एक फॅन आणि पॅनलचे पाय आरामात होतात. नळी ४५ डिग्रीत कापा, दोन्ही बाजूला मास्किंग टेप लावा आणि सीलंट ओलं असतानाच टेप काढा. स्क्रू एकावेळी एकच काढा, भोकात ब्यूटाईल कोंबा, स्टीलचा नवीन स्क्रू रबरी वॉशर घालून बसवा. नुसता फिरत राहिला तर भोक खाल्लंय, एक नंबर जाड घ्या.

पीयूची एक गंमत, ते हवेतल्या ओलाव्यानं धरतंय. आपल्याकडं ओलाव्याला काय कमी, तिकडं हवाच कोरडी ठणठणीत, म्हणून वरनं धरल्यासारखं वाटतंय आणि आत टूथपेस्ट. पापुद्रा आला की पाण्याचा बारीक फवारा मारा, रोज दोनदा, आणि जाड थर एकदम लावू नका. आम्ही गाडी चार दिवस हलवली नाही. ट्यूबची तारीख पण बघून घ्या, आणि तापलेल्या डिकीत ठेवू नका, आमची एक ट्यूब नळीतच दगड झालेली निघाली.

पत्र्याच्या लांब जोडावर मात्र सीलंटपेक्षा ॲल्युमिनियमची ब्यूटाईल पट्टी भारी. कोपरे कात्रीनं गोल कापा, चौकोनी कोपरा आधी उचलतोय. पत्रा कोमट असताना चिकटवा, सकाळच्या गारठ्यात धरत नाही. आणि नुसती हातानं दाबून भागत नाही, रोलर लागतोय, तो आमच्याकडं नव्हता. मग दाजींनी ताईचं लाटणं आणलं आणि मधनं कडेकडं असं सरळ दाबत नेलं, पोळी लाटल्यासारखं, पट्टीखालची हवा निघाली आणि पट्टीवर खालच्या जोडाची रेघ उमटली. रेघ दिसली म्हणजे बसली.

पाच दिवसांनी साबणाचं पाणी परत मारलं, एक पण बुडबुडा नाही. पण खरी परीक्षा एप्रिलात झाली, गाडी कोल्हापुरात आल्यावर, वळवाचा पाऊस आडवातिडवा आला तेव्हा मी मुद्दाम आत जाऊन टॉर्च लावून बसलो, कोरडं. आता दरवर्षी मार्च सरला की वर चढून अंगठ्याचं नख सीलंटमध्ये रुतवून बघायचं, रुतून परत वर आलं तर ठीक, नखाला भुकटी लागली तर काढून नवीन.

जाताना ट्यूबा, आयपीए, टेप सगळं कोल्हापुरातच लक्ष्मीपुरीतनं घेऊन जावा, तिकडं वाळूत दुकान शोधत बसायला लागतंय. आणि रोलर घ्याच. ताईच्या लाटण्याला लागलेलं ब्यूटाईल आयपीएनं पण पूर्ण निघालं नाही, महाद्वार रोडवरनं नवीन घेऊन पाठवलं, जुनं आता गाडीतच असतंय.