ड्रायक्लीनिंगच्या जुन्या गाळ्याखालचं पर्क: बोअरची गाडी बोलावण्याआधी

कोल्हापुरात ड्रायक्लीनिंगचा जुना गाळा घेताना पहिलं विचारायचं ते जुन्या कामगाराला: मशीनमध्ये कपडे कुठल्या रसायनात धुवायचे? टर्पेंटाइन असेल तर ते पाण्यावर तरंगतं. पर्क, म्हणजे टेट्राक्लोरोएथिलीन, पाण्याच्या १.६२ पट जड, ते तळाला जातं. लिटरभर सांडलं तर काय होतंय, असं कुणी म्हणालं तर हिशेब मांडून दाखवा. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरला ५ मायक्रोग्रॅम एवढीच मुभा आहे. त्या मापानं एक लिटर पर्क ३२ कोटी लिटर पाणी बिघडवतं.

मशीनची जागा फरशीतल्या बोल्टच्या भोकांवरून कळते. पहिला संशय तिथल्या वॉटर सेपरेटरवर, म्हणजे पर्कमधून पाणी वेगळं काढणाऱ्या डब्यावर. त्यातलं पाणी नितळ दिसायचं, म्हणून मोरीत ओतलं जायचं. पण लिटरमागं दीडशे मिलिग्रॅमपर्यंत पर्क त्यात विरघळलेलं असू शकतं. म्हणून मोरीपासून गटारापर्यंत पाइपाचा एकेक सांधा तपासा. कोब्याला भोकं पाडून खालच्या हवेतली रसायनाची वाफ पीआयडी मीटरनं (वाफ ओळखणाऱ्या यंत्रानं) मोजा: आधी मशीनमागं, मग मोरीशी, मग दर दोन-तीन मीटरवर.

बोअर एवढ्यात मारू नका. इथं वर काळी माती, मग मुरूम, खाली भेगाळ बेसॉल्ट. वर अडकलेलं पर्क उघड्या भोकातून थेट भेगेत उतरतं आणि शेजाऱ्याच्या बोअरमध्ये निघतं. बोअरच्या हॅमरची दाबाची हवा नमुन्यातलं पर्कही उडवून लावते. माती हातऑगरनं, म्हणजे हातानं फिरवायच्या गिरमिटानं काढा, मुरूम लागला की थांबा. खडकात जायचंच असेल तर वरच्या थराला केसिंगचा पाइप घाला, भोवती सिमेंट भरा, ते घट्ट झाल्यावरच पुढं.

पाण्याचा नमुना ४० मिलीच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. झाकण लावून उलटी धरा. बुडबुडा दिसला तर ती बाटली बाद. बर्फात ठेवून लगेच लॅबला पाठवा. शेजारच्या बोअरचं पाणी कुणी पीत असेल तर अहवाल येईपर्यंत ते बंदच ठेवा.

उथळ माती उकरून काढता येते, पण ती घातक कचरा म्हणून परवानाधारक केंद्रातच जायला हवी, कुणाच्या प्लॉटमध्ये भराव म्हणून नाही. मुरुमातली वाफ व्हॅक्यूम पंपानं ओढून कार्बनमधून सोडा. काळ्या मातीतून मात्र हवाच जात नाही, तिथं पंपाचा उपयोग नाही. भूजलात वनस्पती तेलाचं इमल्शन सोडलं की जिवाणू पर्कचे टप्प्याटप्प्यानं तुकडे करतात. काम अर्ध्यावर अडलं तर विनाइल क्लोराइड साचतं. ते पर्कपेक्षा घातक, आणि कार्बन फिल्टरही ते नीट धरत नाही. म्हणून नुसतं पर्क कमी झालं यावर समाधान मानू नका, दर वेळी विनाइल क्लोराइडही तपासा.

तपासणी मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा करा. पाणी मुरुमापर्यंत चढलं की उन्हाळ्यात स्वच्छ आलेल्या बोअरमध्येही पर्क सापडू शकतं.